स्मार्टी की ट्विग? आणि लॉगिन फक्त होस्टिंगवरच का अडतं?

प्रश्न: पतसंस्थेची छोटी साइट आहे, पीएचपी ८.१ वर. एचटीएमएल आणि इकोची (पीएचपीची छापायची आज्ञा) पार खिचडी झालीय, म्हणून टेम्प्लेट इंजिन (पानाची मांडणी कोडपासून वेगळी ठेवणारं साधन) घ्यायचंय. स्मार्टी की ट्विग? शिवाय लॅपटॉपवर झॅम्पमध्ये (आपल्याच मशीनवर सर्व्हर चालवणारं पॅकेज) सगळं झकास, पण होस्टिंगवर लॉगिन केलं की कोरं पान. लॉगमध्ये 'हेडर्स ऑलरेडी सेंट', कॉन्फिग फाइल, ओळ १. त्या ओळीत नुसता पीएचपीचा टॅग आहे हो!

उत्तर १: ट्विग घ्या. सभासदाच्या नावाच्या रकान्यात कुणी स्क्रिप्ट टॅग घुसवला, तर ट्विग तो आपणहून एस्केप करतं, म्हणजे तो चालत नाही, नुसता मजकूर म्हणून दिसतो. स्मार्टीत ती सोय आहे, पण मुद्दाम चालू करावी लागते, आणि घाईत ते राहतंच.

उत्तर २: इंजिनाचं नंतर बघा, आधी ती फाइल. ओळ १ म्हटलं की मला पहिला संशय बीओएमचा, म्हणजे फाइलच्या सुरुवातीला बसणाऱ्या यूटीएफ-८च्या खुणेचा. टॅगच्या आधी तीन अदृश्य बाइट असतात. एडिटरमध्ये दिसत नाहीत, पण पीएचपी ते ब्राउझरकडे पाठवून मोकळं होतं. कुकी आणि रीडायरेक्ट हेडरमधून, म्हणजे मजकुराच्या आधी, जावे लागतात. मग ते जाणार कसे? लॅपटॉपवर आउटपुट बफरिंग (आउटपुट लगेच न पाठवता साठवून ठेवणं) चालू असेल, म्हणून झाकलं गेलं. फाइल 'यूटीएफ-८, बीओएमशिवाय' सेव्ह करा. शेवटचा बंद टॅगही उडवा. त्यामागच्या मोकळ्या ओळी हाच उपद्व्याप करतात. आणि बफरिंग चालू करून वेळ मारून नेऊ नका राव.

प्रश्नकर्ता: बीओएमच निघाला! देवनागरी मजकूर टाकायला नोटपॅडमध्ये उघडली होती ती फाइल. लॉगिन सुरू झालं. आता ट्विग बसवतो. कंपोझर (पीएचपीच्या लायब्ररी उतरवणारं साधन) होस्टिंगवर नाहीये, लॅपटॉपवर चालवून त्यातून तयार झालेलं व्हेंडर फोल्डर चढवलं तर चालेल ना?

उत्तर २: चालेल. दोन्हीकडची पीएचपी आवृत्ती तेवढी जुळवा.