युरोपातलं एकच शहर, शाळकरी मुलांसोबत: तुमचे अनुभव लिहा

मानपाडाकरीण
काल माळा आवरताना लेकीच्या जुन्या कंपासपेटीत मिठाचा खडा सापडला. सुपारीएवढा, राखाडी, एका बाजूने अगदी गुळगुळीत. ती बाजू तिनेच चाटून चाटून तशी केली होती. २०१९चा मे डोळ्यांपुढे उभा राहिला. तेव्हा तिची चौथी नुकतीच संपली होती, धाकटा पहिलीत जाणार होता.

सगळे सांगत होते, एवढा खर्च करताय तर दहा दिवसांत सहा देश उरकून या. चौघांचा तो आकडा आमच्या आवाक्यातला नव्हता. शिवाय रोज पहाटे उठून बॅगा भरायच्या आणि बसमध्ये चढायचं, हे धाकट्याला झेपलं नसतं. म्हणून पोलंडमधलं क्राकूव हे एकच शहर धरलं. सहा रात्री, स्वयंपाकघर असलेली छोटी जागा, दारात ट्राम. तिथे युरो नाही, झ्लॉटी चालतो आणि राहणंखाणं पॅरिस-झुरिकपेक्षा पुष्कळच स्वस्त पडतं.

तिथून जवळच, लोकल ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत, विएलिच्काची मिठाची खाण आहे. लाकडी जिन्याने उतरत राहायचं. पूर्ण फेरीत आठशेच्या आसपास पायऱ्या, पण वर यायला लिफ्ट. बाहेर कसलीही हवा असो, आत १७-१८ अंश. खाली मिठात कोरलेलं अख्खं चर्च आहे, झुंबरंसुद्धा मिठाच्या स्फटिकांची. गाइड म्हणाली, भिंत चाटून बघा. मग आमची दोघं कुणाला ऐकताहेत! हा खडा तिथल्याच दुकानातला.

शाळकरी मुलांना घेऊन, खिशाला परवडेल असं कुठलं शहर तुम्ही निवडलंत? काय जमलं, काय फसलं, सगळं लिहा. सुट्टीची आखणी करणाऱ्यांना उपयोग होईल.

नेरूळकर
बुडापेस्ट! मुलं ९ आणि १२ वर्षांची. गरम पाण्याच्या हौदांसाठी पोहण्याचे कपडे, टोप्या, सगळं इथून नेलं होतं. तिथल्या एका प्रसिद्ध स्नानगृहाच्या दारात कळलं की १४ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. धाकटा तिथेच फुटपाथवर बसून रडला. नवरा म्हणाला, आज काही बघायचं नाही, ट्राममध्ये बसू आणि नेईल तिकडे जाऊ.

दुसऱ्या दिवशी मात्र बुडाच्या टेकड्यांतल्या मुलांच्या रेल्वेने सगळं भरून काढलं. १९४८पासून चालू आहे, अकरा किलोमीटरची छोटी गाडी. इंजिन मोठी माणसं चालवतात, पण तिकीट देणं, तपासणं, सिग्नल दाखवणं ही कामं १० ते १४ वर्षांची मुलं करतात, गणवेश घालून. माझ्या लेकीएवढीच एक मुलगी गाडी सुटताना प्लॅटफॉर्मवर ताठ उभी राहून सलाम करत होती. आमची लेक ती वळणाआड जाईपर्यंत उलटा सलाम करत राहिली. परत आल्यावर महिनाभर ठाणे-वाशी लोकलच्या गार्डला सलाम चालू होते :)

सानपाडा ८.१२
गाडीत उभी राहून लिहितेय, चुका पोटात घाला. व्हिएन्ना महाग म्हणतात, पण १९ वर्षांखालच्यांना तिथल्या मोठ्या सरकारी संग्रहालयांत तिकीटच नाही! नॅचरल हिस्टरीत हलणारा, गुरगुरणारा ॲलोसॉरस डायनोसॉर आहे, आमचा मुलगा दोन तास तिथून हलला नाही. तुर्भे गेलं, उतरायचंय.

कोपरीची वहिनी
व्हिसाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. जून २०२४पासून शेंगेनची, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाची, फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या खाली काही नाही. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हाच करा. ज्या देशात जास्त दिवस मुक्काम, त्याच देशाकडे अर्ज. विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो.

आमच्याकडे हे येणार नव्हते, मी आणि मुलगा दोघंच. वडिलांचं नोटरी केलेलं संमतिपत्र लागतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. काउंटरवरून परत पाठवलं, पुढची तारीख तीन आठवड्यांनी. दादर स्टेशनच्या बाकावर बसून रडले मी. मुलगा म्हणाला, आई, वडापाव खाऊ या. तेव्हा एकट्या जाणाऱ्या आयांनो, तो कागद पहिला करा.

मानपाडाकरीण
वहिनी, वाचूनच पोटात कालवलं. मग व्हिसा झाला ना?

कोपरीची वहिनी
झाला गं, निघायच्या चार दिवस आधी. प्राग बघून आलो.

मूळ कोल्हापूर, मु. पो. ऐरोली
क्राकूव वाचलं आणि राहवलं नाही. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका-मुलं. माझी आजी त्यांच्या गोष्टी सांगायची. वॉर्सामध्ये कोल्हापूरचं स्मारक आहे. दोन्ही मुलींना मुद्दाम तिथे नेलं. दगडावर कोल्हापूर हे नाव दिसल्यावर मोठी एकदम गप्प झाली, मग म्हणाली, बाबा, पणजीला फोटो पाठवता आला असता तर. पुढे काही लिहवत नाही.

नेरूळकर
दादा, अंगावर काटा आला.

खारघर सेक्टर १२
आम्ही दिवाळीत क्राकूवलाच जातोय! खायचं काय करता? मुलगी शाकाहारी आणि हट्टी.

मानपाडाकरीण
पिएरोगी माग. उकडलेल्या करंज्यांसारख्या असतात. बटाटा आणि चीजचं सारण असलेल्यांना रुस्किए म्हणतात, तेच नाव सांग. भाजणी, मेतकूट ने. पेढे, बर्फी, पनीर नेऊ नकोस, दुधाचे पदार्थ बाहेरून न्यायला मनाई आहे. कार्डाच्या मशीनने रुपये की झ्लॉटी विचारलं तर झ्लॉटीच. आणि दर तासाला मारियात्स्की चर्चच्या मनोऱ्यावरून तुतारी वाजते, ती मध्येच तुटते. मंगोल हल्ल्यात वाजवणाऱ्याला बाण लागला, अशी कथा सांगतात. वाजवून झालं की मुलीला खालून हात हलवायला सांग. आमच्या धाकट्याला त्यांनी वरून हात केला होता.

खारघर सेक्टर १२
किती छान! ताई, छोटा इलेक्ट्रिक कुकर आहे का गं तुझ्याकडे?

मानपाडाकरीण
आहे, शनिवारी घेऊन जा, आठनंतर घरीच आहे. लेकीला खडा दाखवला. कॉलेजला जाते आता. हातात घेऊन जरा बघितला आणि जीभ लावली.