अनुभव धागा : घरी साबण आणि मेणबत्त्या करताना

साबण आणि मेणबत्त्या घरी करून बघू म्हणणारे पुष्कळ असतात. पहिला घाणा बिघडला की सगळं सामान उचलून ठेवणारेही तितकेच. बहुतेक वेळा कृती चुकलेली नसते, मोजमाप चुकलेलं असतं किंवा कुठला घटक नेमकं काय करतो हे कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून हा धागा. ज्यांचा हात बसलाय त्यांनी लिहावं. आठवणी नकोत, आकडे द्या : किती ग्रॅम, किती अंश, काय बिघडतं आणि का.

* * *

अगदी कोऱ्या पाटीने सुरुवात करणाऱ्यांनी तयार ग्लिसरीन बेस घ्यावा. त्यात तेल आणि सोड्याची रासायनिक क्रिया आधीच झालेली असते, आपल्याला फक्त वितळवून साच्यात ओतायचं असतं. दोन-दोन सेंटीमीटरचे तुकडे करा, गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवा आणि तापमान ७० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. बेस उकळला की त्यातलं पाणी उडतं आणि साबण रबरासारखा चिवट होतो. ६० अंशांच्या आसपास रंग आणि वजनाच्या १ ते २ टक्के सुगंध घालून ओता. वर बुडबुडे आले तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक फवारा मारा, लगेच फुटतात.

काढल्याबरोबर वडी प्लास्टिकच्या पातळ कागदात घट्ट गुंडाळा. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं आणि दमट हवेत साबणाला घाम फुटल्यासारखे थेंब येतात. साबण खराब झालेला नसतो, पण दिसायला वाईट दिसतो.

* * *

आता खरा साबण, म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोड्यापासूनचा. थंड पद्धतीची सोपी कृती देतो :

ऑलिव्ह तेल ३२५ ग्रॅम, खोबरेल तेल १५० ग्रॅम, एरंडेल २५ ग्रॅम, कॉस्टिक सोडा ७० ग्रॅम, डिस्टिल्ड पाणी १४० ग्रॅम. सुगंध हवा असेल तर १५ ग्रॅमपर्यंत. साचा साधारण ८०० मिलिलीटरचा घ्या, काठोकाठ भरत नाही.

सगळं वजनावर, पाणीसुद्धा. चमचे आणि वाट्या या कामात चालत नाहीत. काटा एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा हवा. सोडा निव्वळ सोडियम हायड्रॉक्साइडच हवा. नाली साफ करायच्या काही पावडरींमध्ये ॲल्युमिनियमचे कण आणि इतर भर असते, ती कामाची नाही.

चष्मा, लांब हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, खिडकी उघडी, मुलं आणि पाळीव प्राणी खोलीबाहेर. सोडा पाण्यात घालायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. उलटं केलं तर वरचा थर एकदम तापून मिश्रण उसळतं. योग्य क्रमानेही मिश्रण सहज ८० अंशांच्या वर जातं आणि पहिली दोनेक मिनिटं नाकाला झोंबणारी वाफ येते, तेव्हा तोंड बाजूला ठेवा. भांडं स्टेनलेस स्टीलचं किंवा जाड पॉलिप्रॉपिलीनचं. ॲल्युमिनियम अजिबात नको, सोडा ते खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. काचही कालांतराने कोरली जाते आणि एखाद्या दिवशी हातातच तडकते.

अंगावर शिंतोडा उडाला तर वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धरा. व्हिनेगर ओट्यावरचा डाग पुसायला ठीक, कातडीवर नको. डोळ्यात गेलं तर सतत पाणी मारत तडक डॉक्टर गाठा.

तेलं एकत्र गरम करून आणि सोड्याचं पाणी निववून दोन्ही ४० अंशांच्या आसपास आणा. सोड्याचं पाणी गाळण्यातून तेलात ओता. हँड ब्लेंडरचं टोक आधी तेलात बुडवून, आपटून आतली हवा काढा, मगच चालू करा. पाच सेकंद फिरवायचं, मग तोच बंद ब्लेंडर चमच्यासारखा ढवळायचा. सलग फिरवत राहिलात तर साच्यात ओतायच्या आत मिश्रण भांड्यातच बसेल.

* * *

वरच्या कृतीतलं तेल बदलायचा मोह सगळ्यांना होतो, म्हणून हिशेब मांडते. प्रत्येक तेलाला सोडा वेगवेगळा लागतो. एक ग्रॅम खोबरेल तेलाला साधारण ०.१८३ ग्रॅम, ऑलिव्हला ०.१३५, सूर्यफुलाला ०.१३४, एरंडेलाला ०.१२८. वरच्या कृतीला पूर्ण सोडा ७४.५ ग्रॅम लागला असता. ७० घेतलाय, म्हणजे सुमारे ६ टक्के तेल मोकळं राहतं आणि साबण त्वचेला बोचत नाही.

आता खोबरेल संपलं म्हणून त्या जागी १५० ग्रॅम सूर्यफूल घातलं, तर एकूण गरज ६७.२ ग्रॅमवर येते. सोडा मात्र तोच ७० ग्रॅम. जवळजवळ तीन ग्रॅम सोडा जास्त झाला आणि तो साबण अंगाला लावण्याजोगा राहिला नाही. वरून बघून हे कळतही नाही. तेल बदललं की सोडा नव्याने काढायचा, याला पर्याय नाही. ऑनलाइन लाय (म्हणजे कॉस्टिक सोडा) कॅल्क्युलेटर आहेत, पण एकदा हाताने गुणाकार करून बघा, म्हणजे छापील कृतीतली चूकही पकडता येते.

जाता जाता : खोबरेल फेस आणि कडकपणा देतं, पण तीस टक्क्यांच्या फार पुढे नेलं की त्वचा कोरडी पडते. नुसत्या खोबरेलाचा साबण करायचा असेल तर २० टक्के तेल मोकळं ठेवतात.

* * *

ट्रेसबद्दल थोडं, म्हणजे ब्लेंडर फिरवताना तेल आणि सोड्याचं पाणी एकजीव होऊन मिश्रण दाटू लागतं त्या टप्प्याबद्दल. ब्लेंडर उचलून त्यावरची धार मिश्रणावर सोडली आणि तिची रेघ क्षणभर वर दिसली, की झालं. नवशिक्यांनी इथेच थांबावं, घट्ट होईपर्यंत फिरवू नये. सगळ्यात जास्त गोंधळ खोट्या ट्रेसचा होतो. शिया बटर किंवा पामसारखी घट्ट स्निग्धं असतील आणि मिश्रण गार पडलं, तर ती नुसती गोठतात आणि ट्रेस आल्यासारखं वाटतं. ओतल्यावर तासाभराने खाली सोड्याचं पाणी सुटलेलं दिसतं. शंका आली तर भांडं किंचित कोमट करा. खोटा ट्रेस पातळ होतो, खरा होत नाही.

मिश्रण अचानक दगड झालं तर दोष बहुधा सुगंधाचा. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल आणि फुलांचे बरेच कृत्रिम सुगंध क्रिया भलतीच वेगाने पुढे ढकलतात. अशा वेळी फेकू नका. जाड बुडाच्या स्टीलच्या भांड्यात मंद आचेवर झाकून शिजवा, तासा-दोन तासांत बटाट्याच्या लगद्यासारखं होतं, ते साच्यात दाबून भरा. गुळगुळीत होणार नाही, पण साबण उत्तम होतो.

* * *

साच्यात ओतल्यानंतरचं मी लिहितो.

पहिले चोवीस तास मिश्रण आतून तापतं. मध्यभाग अर्धपारदर्शक, गडद दिसतो त्याला जेल अवस्था म्हणतात. ती पूर्ण वडीभर आली तरी चांगलं, अजिबात आली नाही तरी चांगलं. अर्धवट आली तर कापल्यावर मधे गडद गोल दिसतो, तेवढाच तोटा. एकसारखी हवी असेल तर साचा टॉवेलमध्ये गुंडाळा, नको असेल तर फ्रीजमध्ये ठेवा. दूध, मध, साखर घातलेला साबण मात्र गुंडाळू नका, तो तापून फुगतो, तडकतो आणि साच्याबाहेर येतो. दूध घालायचं तर बर्फ करून, त्यावर थोडा थोडा सोडा टाकत. पातळ दुधात एकदम सोडा टाकला तर ते करपून तपकिरी होतं.

वर पांढरी पूड दिसली तर घाबरू नका. वरच्या थरातला न मुरलेला सोडा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून सोडियम कार्बोनेट होतो. वाफेवर धरून पुसलं की जातं. नारिंगी ठिपके आणि खवट वास हे प्रकरण निराळं. तेल खवट झालंय. सूर्यफूल, सोयाबीन अशी तेलं जास्त घातली, मोकळं तेल फार ठेवलं किंवा पाण्यात धातूचे अंश असले, की हे लवकर होतं. डिस्टिल्ड पाणी त्यासाठीच.

एक-दोन दिवसांनी वडी काढून कापा आणि चार ते सहा आठवडे हवेशीर जागी, वड्यांमध्ये बोटभर अंतर ठेवून मुरवा. सोड्याची क्रिया एक-दोन दिवसांतच जवळपास संपलेली असते. पुढचे आठवडे पाणी उडायला आणि साबणाची घडण पक्की व्हायला लागतात. तीस-पस्तीस दिवसांचा साबण आणि पाच दिवसांचा साबण शेजारी ठेवून वापरा, पाच दिवसांचा दोन आंघोळींत लिबलिबीत होतो. नुसत्या ऑलिव्हचा तर सहा महिने मुरवावा.

सोडा उरलाय का हे बघायला ओलं बोट वडीवर घासून जिभेच्या टोकाला लावा. विजेचा हलका चटका बसल्यासारखं झालं तर उरलाय. आणि कुणी लिंबू किंवा व्हिनेगर घालून साबणाचा पीएच सातवर आणायला सांगत असेल तर ऐकू नका. साबणाचा पीएच स्वभावतःच नऊ-दहाच्या घरात असतो. आम्ल घातलं की ते सोडा खातं, आणि पुरेसं घातलं की साबणच फाटतो.

* * *

रंग : सोड्यात टिकणारे थोडेच. पाकळ्यांचा गुलाबी, बीटचा लाल, हे साबणात मातकट तपकिरी होतात. झेंडूच्या कुळातल्या कॅलेंड्युलाच्या पाकळ्या तेवढ्या पिवळ्या राहतात. नवशिक्यांनी मुलतानीसारखी प्रसाधनाची माती वापरावी, ५०० ग्रॅम तेलाला एक चमचा, आधी थोड्या पाण्यात कालवून. कोरडीच टाकली तर गुठळ्या होतात आणि वडीला भेगा जातात.

* * *

मेणबत्तीचं कुणीच लिहिलं नाही अजून. लोक मेण आणि वास यांवर सगळा वेळ घालवतात, पण मेणबत्ती चांगली जळणार की नाही हे नव्वद टक्के वातीवर ठरतं. जळतं ते घट्ट मेण नव्हे. ज्योतीने वितळलेलं मेण वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते आणि ती जळते. वात बारीक पडली तर मेण कमी वितळतं, मधेच खड्डा खोदत ज्योत खाली जाते आणि कडेचं मेण तसंच राहतं. वात जाड झाली तर मेण जास्त चढतं, ज्योत फडफडते, काजळी धरते, वातीच्या टोकावर कोळशाची कुत्र्याची छत्री उगवते आणि भांडं नको तितकं तापतं.

जुन्या वाती सारख्या कातरत बसावं लागे. १८२५ मध्ये फ्रान्समध्ये कांबासेरेस याने विणलेली वात काढली. ती जळताना वाकते, टोक ज्योतीबाहेर जाऊन राख होतं. आजही विणलेलीच सुती वात घ्या, साधा दोरा नको.

वात भांड्याच्या व्यासावरून निवडा आणि पुरवठादाराच्या तक्त्यातल्या तीन लागोपाठच्या मापांच्या तीन मेणबत्त्या करा. भांडं, मेण, सुगंध तेच ठेवा, फक्त वात बदला. वात ५ मिलिमीटरला कापून पेटवा. सात सेंटीमीटरच्या भांड्यात तीन ते चार तासांत वितळलेलं मेण कडेला पोचलं आणि खोली साधारण एक सेंटीमीटर भरली, तर माप जमलं. एकाच वेळी वातही बदलली आणि सुगंधही, तर दोष कशाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

पहिल्यांदा पेटवलेली मेणबत्ती अर्ध्या तासात विझवू नका. मेण कडेपर्यंत वितळू द्या, नाहीतर पुढच्या वेळीही ती त्याच वर्तुळात जळत खाली जाते.

* * *

मेण किती लागेल? भांड्यात हवं तिथपर्यंत पाणी भरून वजन करा आणि ०.८६ने गुणा. २०० ग्रॅम पाणी मावलं तर एकूण मिश्रण १७२ ग्रॅम. सुगंध मेणाच्या ६ टक्के धरला तर १६२ ग्रॅम मेण आणि १० ग्रॅम सुगंध. भांडं खडखडीत कोरडं केल्याशिवाय मेण ओतायचं नाही, पाण्याचा थेंब राहिला तर जळताना तडतडतो.

सोया मेण ८० अंशांपर्यंत तापवा, सुगंध घालून दोन मिनिटं सावकाश ढवळा, ६० अंशांच्या जवळपास ओता. दहा टक्क्यांच्या वर सुगंध घातला तर तो मेणात मुरत नाही, वर तेल तरंगतं आणि पेट घेऊ शकतं. सोया मेणाचा वास नीट यायला एक-दोन आठवडे थांबावं लागतं. त्यावर पांढरी नक्षी उमटते, ती त्या मेणाची जात आहे. लपवायची असेल तर रंगच घालू नका.

पॅराफिन गार होताना आकसतं आणि वातीभोवती पोकळी होते. वर साय धरली की सळईने वातीजवळ दोन-तीन भोकं पाडा, आणि पूर्ण गार झाल्यावर राखून ठेवलेलं मेण पहिल्यापेक्षा पाच अंश जास्त गरम करून ओता. मधमाशांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं आणि दाट असतं, म्हणून त्याच भांड्याला वात एक-दोन मापं जाड लागते.

मेणखडूने रंग देऊ नका, त्यातली पूड वात बुजवते. पाण्यातले रंग मेणात विरघळतच नाहीत. अंगाला फवारायचं अत्तरही नको, त्यात अल्कोहोल असतं. वातीजवळ सुकी फुलं रोवली तर तीही वाती होतात.

* * *

आगीचं स्वतंत्र लिहिते. मेण थेट आचेवर कधीही नाही, उकळत्या पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यातच, आणि ते सोडून खोलीबाहेर जायचं नाही. मेणातून धूर दिसू लागला तर आच ताबडतोब बंद करा. पेटलं तर पाणी टाकू नका, त्याची क्षणात वाफ होऊन जळतं मेण सगळीकडे उडतं. घट्ट बसणारं झाकण आधीपासून हाताशी हवं. तळाशी एक सेंटीमीटर मेण उरलं की मेणबत्ती विझवा. नाहीतर ज्योत थेट काचेचा तळ तापवते. पेय पिण्याचे पातळ पेले वापरू नका, उष्णता सोसणारीच काच घ्या.

* * *

विचारलंय म्हणून : साबणाचा सुगंध मेणबत्तीत चालेल का? दोन्हींसाठी योग्य असं पुरवठादाराने लिहून दिलं असेल तरच. साबणात प्रश्न सोड्याचा आणि त्वचेचा असतो, तिथे इफ्राची (सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना) मर्यादा बघायची. दालचिनी, लवंग यांची तेलं अगदी कमी. मेणबत्तीत प्रश्न ज्योतीचा असतो, तिथे तेल कितव्या अंशाला पेट घेतं ते बघायचं.

आणि भांडी धुण्याबद्दल. साबणाची भांडी त्याच दिवशी घासायला जाऊ नका, ती मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवा. भांड्याला चिकटलेल्या कच्च्या मिश्रणाचा एक-दोन दिवसांत साबणच होतो आणि गरम पाण्याने सुटतो. तरी हातमोजे घाला. मेणाचं भांडं मात्र गरम असतानाच कागदाने पुसून कागद कचऱ्यात टाका. मेण मोरीत गेलं तर पुढे नळीत जाऊन गोठतं.