दादाला न सांगता दारू सोडवायची गोळी द्यावी का?

धाकटी:
माझा मोठा भाऊ १५ वर्षांपासून पितो. आता उठल्याउठल्या लागते, नाहीतर शर्टाची बटणं लावता येत नाहीत, इतके हात थरथरतात. मागच्या महिन्यात त्याने स्वतःहून एकदम बंद केली. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या चढतायत म्हणून ओरडायला लागला. आम्ही घाबरून थोडी पाजली, तेव्हा शांत झाला. आई म्हणते, त्याला इच्छाशक्तीच नाही. वहिनीला कुणीतरी डायसल्फिरामची गोळी जेवणात कालवून द्यायला सांगितलंय. द्यावी का?

उंबरठा:
ताई, नका देऊ. मला दिली होती, म्हणून सांगतो.

दारूचं शरीरात ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य होतं. ते पुढे मोडण्याचं काम ही गोळी अडवते. वरून दारू गेली की चेहरा लालबुंद, उलट्या, धडधड, रक्तदाब खाली. जीवही जाऊ शकतो. मला वाटलं, आता संपलो. खरं कळल्यावर मी दारू सोडली नाही, घरचं जेवण सोडलं. माहीत असून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतली तर हीच गोळी उपयोगी पडते.

आणि त्या मुंग्या! तो इच्छाशक्तीचा प्रश्नच नाही. दारू मेंदूला गुंगवते, म्हणून रोज पिणाऱ्याचा मेंदू स्वतःला सतत चेतवून ठेवायला शिकतो. दारू अचानक थांबली तरी तो चेतलेलाच राहतो. म्हणून थरथर, घाम, भास.

रात्रपाळी:
मी व्यसनमुक्ती वॉर्डात नर्स आहे. फिट येण्याचा धोका शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते ४८ तासांत, आणि तुम्ही सांगताय तसा भ्रम बहुधा २ ते ४ दिवसांत. अशा वेळी घरी थांबू नका, थेट इस्पितळ गाठा. एकदा असं झालंय, म्हणजे पुढच्या वेळी घरी एकदम बंद करणं नकोच. भरती केल्यावर लोराझेपामसारखी मेंदू शांत करणारी औषधं देऊन ती हळूहळू कमी करतात, सोबत थायमिन (ब१ जीवनसत्त्व) असतं. ओढ कमी करायला नंतर नाल्ट्रेक्सोन आहे, पण आधी यकृताची तपासणी.

धाकटी:
काल दादाशी बोलले. गोळीचंही सांगून टाकलं. रागावला नाही. एवढंच म्हणाला, "मला तिथे टाकून विसरणार नाही ना?"

उंबरठा:
भेटीची वेळ आधीच विचारून घ्या आणि त्याला नेमकी सांगा. माझी बायको रोज ५ वाजता यायची. आम्ही फारसं बोलायचो नाही, पण मी ४ पासून दाराकडे बघत बसायचो.

घरी आल्यावर मी दोनदा घसरलो. पहिल्यांदा लपवलं, ते तीन महिने चाललं. दुसऱ्यांदा त्याच संध्याकाळी तिला सांगितलं, सकाळी दोघं डॉक्टरांकडे गेलो. त्याला ९ वर्षं झाली. दादाला हे आत्ताच सांगून ठेवा, की घसरलास तरी आधी आम्हाला सांग, आम्ही ओरडणार नाही. आईंनाही तयार करा.