कानामागच्या हाडात पू : ऑपरेशन लागेलच का? लवकर सांगा

राजारामपुरीकर :
डॉक्टर म्हणतात कानामागच्या हाडात पू झालाय. सीटी स्कॅन करा, ॲडमिट व्हा, वेळ पडली तर ऑपरेशन. तोंडातल्या गोळ्यांवर भागणार नाही का? कोल्हापुरात कुणाला अनुभव?

रंकाळाकाठ :
झालंय कुणाला? वय? ताप आहे का?

पन्हाळ्याचा_वारा :
गालगुंड असणार. आमच्या पोराला लेप लावला, आठ दिवसांत गायब.

कागलची_ताई :
अहो, गालगुंड कानाच्या पुढं-खाली सुजतं. हे मागचं हाड, मॅस्टॉइड. आतून पोळ्यासारखं पोकळ असतं. मधल्या कानातला पू तिथं शिरला की लेपानं काय होणार? कान पुढं ढकलल्यासारखा दिसतोय का?

राजारामपुरीकर :
मुलगा, ४ वर्षांचा. हो, कान पुढं आलाय, मागं लालभडक, हात लावू देत नाही. ताप १०२. पंधरा दिवसांपूर्वी कान फुटला होता. औषधानं वाहायचा थांबला म्हणून तिसऱ्या दिवशी बंद केलं. आईनं लसणाचं तेल घातलं होतं.

रंकाळाकाठ :
हे आधी सांगायचं की राव!

जुना_कान :
ऑपरेशनला घाबरू नका. माझा कान लहानपणापासून वाहायचा, हाड कुरतडलं गेलं होतं. ऑपरेशन झालं, पण अजून अंघोळीला कापूस लागतो. पोहणं तर बंदच.

कागलची_ताई :
काका, तुमचं जुनं दुखणं, हे ताजं. माझ्या भाचीला असंच झालेलं. शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं, पडद्याला छेद देऊन पू काढला, हाडाला हात लावावा लागला नाही. पण ते वेळेत गेलो म्हणून.

पन्हाळ्याचा_वारा :
लसणाचं तेल आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या घालतात, कुणाला काही झालं नाही.

कागलची_ताई :
फुटक्या कानात तेल? धन्य आहे.

राजारामपुरीकर :
स्कॅनवाला सोमवारी या म्हणतोय. आज शुक्रवार. थांबू का?

रंकाळाकाठ :
सोमवार कसला? आत्ता ॲडमिट करा, स्कॅन तिथून होईल. हा पू मेंदूकडं सरकू शकतो. सीपीआरला (सरकारी दवाखाना) गेलात तर रेशनकार्ड घ्या, महात्मा फुले योजनेत (सरकारची मोफत उपचारांची योजना) बसतंय का विचारा. तोंड वाकडं, मान ताठ, उलट्या यातलं काही आहे का?

राजारामपुरीकर :
मघाशी दोनदा ओकला. दूध बाधलं म्हणालो आम्ही. निघतोय.

पन्हाळ्याचा_वारा :
गाडी दसरा चौकात लावा, आत जागा मिळत नाही.