जुने शिवणाचे पॅटर्न: नंबर नको, इंच बघा

एका ताईंनी लिहिलंय, की 1965 च्या सुमाराचा अमेरिकन पॅटर्न (कापड बेतायचा कागदी साचा) मागवला, 12 नंबरचा, आणि ड्रेस अंगात शिरेचना, तर ताई, त्यात तुमचं काही चुकलेलं नाहीये, तेव्हाचा 12 म्हणजे छाती 32 इंच, मग 1967-68 च्या सुमारास मापं बदलली नि तोच 12 झाला 34 चा. पाकिटावरचे इंच बघूनच घ्या.

मापवार कागदी पॅटर्न विकायचा धंदा अमेरिकेतल्या बटरिकने 1863 ला सुरू केला म्हणे, पण आमच्या वेंगुर्ल्यात कसला आलाय बटरिक! मावशी सरळ रद्दी पेपरावर ब्लाऊज बेतायची. गणपतीत माळ्यावरची ट्रंक उघडली तर अख्खा गठ्ठा निघाला, कडा कसरीने खाल्लेल्या, पण पेपर असल्यामुळे तारखा आयत्या मिळाल्या. 1969 ची बाही आखूड आणि दंडाला एकदम घट्ट (हात वर कसा करायच्या देव जाणे), 1984 च्या बाहीचा माथा मात्र हा एवढा उंच, फुग्याच्या चुण्या कुठून कुठवर ते निळ्या पेनाने टिंबं देऊन दाखवलंय. कटोरीच्या तुकड्यावर "माया धरून" (म्हणजे शिवणीसाठी सोडायचं जादा कापड मोजून) असं लिहिलंय, पाठीच्या तुकड्यावर काहीच नाही, मी माया न सोडता तसंच कापलं नि खणाचा चांगला पीस वाया घालवला.

आता सगळं ब्राऊन पेपरवर उतरवून घेतेय, इथल्या दमट हवेत अजून एक पावसाळा काही ते टिकायचे नाहीत.