पळताना घामाने मांड्या सोलवटतात त्याबद्दल
त्यावर काही जण टाल्कम पावडर सुचवतात. माझ्या मते ती सुरुवातीपुरतीच. घाम आला की तिच्या गुठळ्या होतात आणि उलट जास्त काचतं. त्यापेक्षा व्हॅसलीन लावा, मांड्यांच्या आतल्या बाजूला, काखेत आणि (हसू नका) स्तनाग्रांवरसुद्धा. सुती बनियन घाम धरून ठेवतो, मग ओला कपडा आणि घामातलं मीठ मिळून कातडी सोलतात. पॉलिस्टरचा टी-शर्ट बरा.

एप्रिल-मेमध्ये सांगलीत ऊन चढल्यावर पळण्यात कसला पुरुषार्थ? उजाडतानाच आमराई बाग गाठा. उन्हाची सवय व्हायला शरीराला साधारण १० ते १४ दिवस लागतात, तोवर वेगाचा नाद सोडा. आणि भर उन्हात अंगावर काटा आला, थंडी वाजली किंवा गरगरलं, तर तिथंच थांबून सावली धरा, डोक्यावर पाणी ओता.