हॅरियरच्या रातथाऱ्याची जागा सगळ्यांना सांगावी का?

सोनकी (धागाकर्ती)

सप्टेंबरच्या मध्यात नदीकाठी पहिला करडा धोबी दिसला आणि आपल्या पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर नोंदींचा पाऊस सुरू झाला. कुणाला कॅनॉलच्या तारेवर युरोपियन रोलर मिळाला, कुणाला टेकडीवर ठिपकेदार माशीमार. हे दोघे आपल्याकडे फक्त वाटेवरचे पाहुणे. दोन-चार दिवस थांबतात, पोट भरतात आणि आफ्रिकेच्या वाटेला लागतात. अशी नोंद त्याच दिवशी कळली तर दुसऱ्यालाही तो पक्षी बघायला मिळतो. म्हणून नोंदी टाकायला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते.

माझं म्हणणं हॅरियरच्या, म्हणजे भोवत्या या शिकारी पक्ष्याच्या, रातथाऱ्यांपुरतं (रात्री एकत्र उतरायच्या जागांपुरतं) आहे. गेल्या आठवड्यात इंदापूर-बारामती पट्ट्यातल्या एका माळाची गूगल पिन ग्रुपवर पडली. दुसऱ्या संध्याकाळी मी तिथे होते. सूर्य टेकला की हे भोवत्ये चहूबाजूंनी गवताच्या उंचीनं उडत येतात. लगेच बसत नाहीत. चार-पाच घिरट्या घालतात, पाय खाली सोडतात, पुन्हा उचलतात, शेजारचा बसला की मग बसतात. झाडावर नाही, थेट जमिनीवर, गुडघाभर कुसळी गवतात. ते असे बसत असतानाच दोन गाड्या बैलगाडीची वाट सोडून गवतात शिरल्या. हेडलाइट चालू. एक उठला, मग सगळेच उठले. अंधार पडेपर्यंत ते वर फिरत होते, आणि शेवटी बरेचसे उसाच्या पलीकडे निघून गेले. कझाकस्तानाकडून हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला आपण रात्रीची झोपायची जागाही देत नाही.

माझी मागणी एवढीच: पक्षी कोणता, किती, तालुका कोणता हे लिहा. रातथाऱ्याची पिन मात्र मार्चमध्ये पक्षी परत जाईपर्यंत कुणीही टाकू नये.

शेकाट्या

सोनकीताई, तुम्ही सांगता ते दृश्य संतापजनक आहे, त्या गाडीवाल्यांचं समर्थन कुणीच करणार नाही. पण तुमचा उपाय मला अजिबात पटत नाही.

आपले माळ सरकारी कागदावर काय आहेत? बहुतेक ठिकाणी पडीक जमीन. पडीक म्हटलं की तिथे वृक्षारोपण करा, प्लॉट पाडा, सौर प्रकल्प टाका, कुणी विचारायला येत नाही. गवताळ माळावर खड्डे खणून झाडं लावली की लावणाऱ्याला पुण्य मिळतं आणि हॅरियरचं घर जातं. अशा वेळी आपल्या हातात एकच गोष्ट असते: या गट नंबरवर अमुक वर्षं इतके हॅरियर उतरत आहेत, ही तारखेसकट नोंद. "इंदापूर तालुका" एवढं लिहिलेली नोंद घेऊन तुम्ही कुठल्या अधिकाऱ्यापुढे बसणार? तो विचारेल, तालुक्यात कुठे?

दुसरं असं की हॅरियर दिवसभर एकेकटे मैलोन्‌मैल विखुरलेले असतात. त्यांची गणती करता येते ती फक्त रातथाऱ्यावर. गुजरातेतलं वेळावदर हे जगातल्या मोठ्या रातथाऱ्यांपैकी एक. तिथली संख्या घटल्याचं कळलं ते संध्याकाळी बसून वर्षानुवर्षं मोजल्यामुळेच. जागा लपवली तर घटही लपते.

आणि शरदाचंच बोलायचं तर पाणपक्ष्यांची आशियाई गणना होते जानेवारीत. सप्टेंबर ते नोव्हेंबरात कोण आलं, किती थांबलं, कधी गेलं, याचा हिशेब तुमच्या-माझ्या याद्यांशिवाय कुठेच नाही. देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल तीस हजारांहून जास्त हौशी लोकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे. त्या लोकांनी जागा झाकल्या असत्या तर हा अहवाल झालाच नसता.

ढगवाट

शेकाट्यांशी सहमत. मी लोणावळ्याच्या बाजूचा. नोव्हेंबरात आमच्या पठारांवर अमूर ससाणे उतरतात. पंखवाल्या वाळव्या उडायला लागल्या की हवेतल्या हवेत पायानं पकडून खाताना बघावेत.

हा पक्षी आज आहे तो जगजाहीर झाल्यामुळे. २०१२ साली नागालँडमध्ये दोयांग जलाशयावर जाळी लावून लाखाच्या वर ससाणे मारल्याचा अंदाज बाहेर आला. फोटो, व्हिडिओ, गावाचं नाव, सगळं उघड झालं. पुढच्याच वर्षी, २०१३ ला, तिथली शिकार थांबली. त्याच नोव्हेंबरात तिघांच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग लावले, त्यांची नावं ठेवली नागा, पांगती आणि वोखा, आणि लोक रोज नकाशावर त्यांचा प्रवास बघायला लागले. भारत ओलांडून, अरबी समुद्र पार करून आफ्रिका. तेव्हा कुणी "जागा सांगू नका" म्हटलं असतं तर?

सोनकी

ढगवाट, अमूरचं उदाहरण मोलाचं आहे, पण इथे ते लागू होत नाही. दोयांगला धोका जाळ्यांचा होता आणि जगाला तो माहीतच नव्हता, म्हणून उघड करणं हाच उपाय होता. शिवाय शिकार थांबली ती बाहेरून गर्दी लोटल्यामुळे नाही. पांगती आणि आजूबाजूच्या गावांनी स्वतः ठराव केले, चर्चनं हाक दिली, पक्षी वाचवणाऱ्या संस्था त्यांच्यासोबत बसल्या. आपल्या माळावर मात्र धोका बघायला येणाऱ्यांचाच आहे. जिथे पाहुणाच त्रास देतो तिथे आणखी पाहुणे बोलावून त्रास कसा कमी होईल?

शेकाट्या, नोंद झाकून ठेवा असं मी म्हटलेलंच नाही. शास्त्रासाठीची नोंद आणि ग्रुपवरची पिन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यादी इबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर) नेमक्या जागेसकट भरा, वनखात्याला लेखी कळवा. पिन मात्र शेकडो अनोळखी मोबाइलमध्ये जाते, तिथून आणखी शंभर ग्रुपांत. तिचा उपयोग फक्त शनिवारी गाडी काढणाऱ्याला.

उजेड_छायाचित्रण

नेहमीप्रमाणे गुन्हेगार कोण, तर फोटोवाले!

मला सांगा, माँटेग्यू हॅरियरची मादी आणि पॅलिड हॅरियरचं पहिल्या वर्षाचं पिल्लू दुर्बिणीतून संध्याकाळच्या उजेडात किती जण वेगळं ओळखतात? दोघंही तपकिरी, दोघांच्याही शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. पॅलिडच्या पिल्लाच्या मानेवरची फिकट कॉलर आणि तिच्यामागची गडद पट्टी फोटो मोठा करून बघितल्यावरच खात्रीनं सांगता येते. ग्रुपवर "हा कोण?" म्हणून येणाऱ्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं आमच्या फोटोंनी दिली आहेत. आमच्यातले बहुतेक लोक गाडी वाटेवरच ठेवतात, बांधावर आडवे पडून वाट बघतात. चार बेशिस्तांसाठी सगळ्यांना दार बंद का?

आणि एक सलणारी गोष्ट बोलतोच. पिन बंद झाली की माहिती नाहीशी होत नाही. ती दहा जुन्या लोकांच्या फोनवर राहते. ते आपल्या मित्रांना नेतात आणि नवा मुलगा विचारायला गेला की "तू आधी पाषाण, कवडीपाट ही पुण्याजवळची ठिकाणं नीट बघ" म्हणून परत पाठवतात. मी तोच नवा मुलगा होतो.

माळावरचा

सोनकीताई, शेकाट्याभाऊ, मी त्याच पट्ट्यातला. आमची जिरायत त्या माळाला लागून आहे आणि पर्यटकांना फिरवायचं कामही करतो. तुमचं सगळं वाचलं. आमचं कुणी विचारलंच नाही म्हणून लिहितो.

हे पक्षी आम्हाला ठाऊक नाहीत असं समजू नका. बाजरी काढायच्या वेळेला ते येतात आणि रानातले नाकतोडे वेचतात, हे आमच्या म्हाताऱ्या माणसांनाही माहीत आहे. मेंढरं घेऊन फिरणाऱ्याला तर रातथारा कुठे आहे हे तुमच्या मोबाइलच्या आधी कळतं. पक्षी त्याला भीत नाहीत, कारण मेंढरं दिवस मावळायच्या आत वाड्यावर आलेली असतात.

पिन पडली की काय होतं ते सांगतो. गाडी पुण्याहून सरळ माळावर येते. गावात थांबत नाही, चहा घेत नाही, कुणाला विचारत नाही. गवत तुडवलं जातं ते आमच्या गुरांचं. दिवाळीनंतर तेच गवत कापून आम्ही उन्हाळ्याची बेगमी करतो. वनखात्यानं कडबनवाडी-शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केली, तिथे गाडी ठरलेल्या वाटेनं जाते, सोबत गावचा पोरगा असतो. त्याचे पैसे गावात राहतात. पिनवाल्याला या कशाचीच गरज नाही, त्याला सगळं फुकट मिळालं.

पण ताई, "कुणालाच सांगू नका" हेही मला मान्य नाही. लोक यायलाच पाहिजेत. लोक येतात म्हणून तर गावातली दोन पोरं म्हणतात, माळ विकायचा नाही. लोक आले नाहीत तर उद्या तो सोलरवाल्याला जाईल, शेकाट्याभाऊंचं ते बरोबर आहे.

शेकाट्या

माळावरचा, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा. पिनमुळे गाव वगळलं जातं हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता आणि तो खरा आहे.

तरी सोनकीताईंना एक गोष्ट विचारायची आहे. इबर्डवर ज्या जाती संवेदनशील ठरवल्या आहेत त्यांची जागा सर्वांना दिसते ती सुमारे ४०० चौरस किलोमीटरच्या चौकोनात, नेमकी नाही. ती यंत्रणा विचार करून केलेली आहे. पण कुठली जात त्या यादीत घ्यायची हे अभ्यासक चर्चा करून ठरवतात, ते कारणासकट लिहिलेलं असतं आणि त्यावर प्रश्न विचारता येतो. आपल्या ग्रुपवर कोण ठरवणार? तुम्ही? ॲडमिन? आज हॅरियर, उद्या घुबडं, परवा पट्टकादंब हंस. उजनी धरणाच्या काठी भिगवणला पट्टकादंब कुठे उतरले हेही सांगायचं नाही म्हटलं तर कुंभारगावच्या नाववाल्यांनी काय करायचं?

पाणथळ

शेकाट्या, भिगवण आणि माळ यांची तुलना करू नका. उजनीचा जलाशय अफाट आहे. पाऊस चांगला झाला की ऑक्टोबरात धरण काठोकाठ, चिखलाचे पट्टे पाण्याखाली, म्हणून तुताऱ्या आणि चिखल्या या चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना उतरायला जागाच नसते. पाणी ओसरलं की ते येतात, रोहित (फ्लेमिंगो) तर त्याच्याही नंतर. एका काठावर त्रास झाला तर पक्षी दुसऱ्या काठावर जातात. पट्टकादंबांचं ठिकाणही आठवड्याला बदलतं. माळावरच्या रातथाऱ्याला दुसरा काठ नाही. उंच गवताचा एवढासा तुकडा उरलेला असतो, बाकी सगळा ऊस.

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरचं उदाहरण बघा. २०२० च्या जानेवारीत ते राज्यातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. वर्षानुवर्षांच्या मोजण्यांमुळे झालं हे मान्य. पण तिथे मनोरे आहेत, वाटा आहेत, अभयारण्याचे पहारेकरी आहेत. आधी व्यवस्था, मग गर्दी. खाजगी माळावर यातलं काहीच नाही आणि पिन मात्र पहिल्याच दिवशी.

जुनी_दुर्बीण

सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक सगळ्यांना माहीत होता. अभयारण्य १९७९ चं. सहली गेल्या, लेख आले, फोटो आले. तरी आज तिथे माळढोक दिसणं म्हणजे बातमी होते. जागा उघड केल्यानं तो गेला असं मी म्हणत नाही. शेती, विजेच्या तारा, कुत्री, कारणं पुष्कळ होती. पण "जागा माहीत झाली की पक्षी वाचतो" हे नान्नजनं खोटं ठरवलं आहे. शेकाट्या, याचं उत्तर द्या.

शेकाट्या

काका, उत्तर देतो. नान्नजला माळढोक उरला नाही, पण माळ उरला, कारण तो नोंदींमुळे अभयारण्य झाला होता. तिथे आजही काळवीट आहेत, हिवाळ्यात हॅरियर उतरतात. नोंद नसती तर माळही गेला असता. मला पक्ष्याइतकीच त्याच्या जमिनीची काळजी आहे.

उजेड_छायाचित्रण

माळावरचा दादांना थेट विचारतो. मी आलो तर कुठे थांबायचं?

माळावरचा

या की. सूर्य मावळायच्या तासभर आधी गावात या, शाळेजवळ गाडी लावा. माळाच्या पश्चिमेला ओढ्याचा बांध आहे, तिथे बोरी-बाभळीच्या आडोशाला बसायचं. तिथून पलीकडचा सगळा उतार दिसतो आणि उजेड तुमच्या पाठीमागून येतो, फोटोला चांगला. गवतात पाय ठेवायचा नाही. पक्षी बसले की टॉर्च न लावता, न बोलता निघायचं. सोबत आमच्यातला एक जण असेल, त्याची मजुरी द्यायची. ग्रुपवर पिनऐवजी गावाचं नाव आणि "गावात विचारा" एवढं टाका. ज्याला खरंच बघायचंय तो विचारेल.

सोनकी

हे मला मान्य आहे. तालुक्याऐवजी गावाचं नाव द्यायला माझी हरकत नाही, गावानंच परवानगी दिली असेल तर. माझी मागणी तेवढी बदलून घेते: पिन नाही, गावाचं नाव गावाला विचारून. जिथे गावाशी बोलणं झालेलं नाही तिथे मार्चपर्यंत फक्त तालुका. ॲडमिननी पक्षी सप्ताहाच्या आधी, म्हणजे ५ नोव्हेंबरच्या आत, यावर मत मागवावं. चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, १२ तारखेपर्यंत, ग्रुपवर नव्या लोकांची गर्दी होते, त्यांना पहिल्या दिवशीच नियम कळलेला बरा.

शेकाट्या

मी विरोधात मत देणार. गावाला विचारून जायचं हे शंभर टक्के मान्य, पण नियम म्हणून पिन बंद करणं मान्य नाही. ज्या गावात माळावरचांसारखं कुणी नाही तिथला माळ मार्चपर्यंत कुणालाच दिसणार नाही आणि नेमक्या त्याच हंगामात तिथे जेसीबी येईल. माझ्या इबर्डवरच्या याद्या नेमक्या जागेसकट उघड्याच राहतील. दर पंधरवड्याला मोजणी करायला मी येणार आहे. माळावरचा, बांधावर माझी जागा धरून ठेवा, मजुरी देईन.

माळावरचा

या भाऊ. फक्त गुरुवारी नको, त्या दिवशी आमचा बाजार असतो, कुणी मोकळं नसतं.